दोना नेउझाचा सहावा सिनेमा

आयुष्यात मी पाच सिनेमे काढले आहेत, ही बातमी मला दम्मामच्या विमानतळावर कळली.

सामानाची गाडी ढकलत बाहेर आले, तर एक हसरी मुलगी फुलांचा गुच्छ घेऊन धावतच आली. तिच्यामागे एक तरुण कॅमेरा रोखून. मुलीनं गुच्छ माझ्या हातात कोंबला, खजुरांचा डबा पुढे केला आणि इंग्रजीत म्हणाली, "मादाम, तुमचा पहिला सिनेमा पाहून मी खूप रडले." मी सावंतवाडीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. उमेदीच्या काळात पणजीला राहून पोर्तुगीज शिकले, म्हणून फावल्या वेळात परक्यांच्या सिनेमांची इंग्रजी सबटायटल्स करते. माझ्यामुळे कुणी रडलं असेल तर ते विद्यार्थीच. कॅमेरेवाल्यानं विचारलं, "सौदीच्या भूमीवर पाऊल ठेवताना आपल्या कारकिर्दीकडे वळून पाहताना काय वाटतं?" मी म्हणाले, "चांगलं वाटतं." दुसरं काय सांगणार?

माझ्या चार पावलं मागे खऱ्या दिग्दर्शिका उभ्या होत्या. ब्राझीलच्या दोना नेउझा. 'दोना' म्हणजे आपल्याकडचं 'बाई'. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंगात विटकी जीन्स, पायात कापडी बूट, खांद्याला बाजाराची वाटावी अशी पिशवी, आणि बाई बिस्किट खात होत्या. मी रेशमी साडीत, पिकल्या केसांची, चष्मेवाली. त्या पोरीचं काय चुकलं? मी कळवळून मागे पाहिलं, तर दोना नेउझा पोर्तुगीजमध्ये म्हणाल्या, "थांबू नको, बोल. माझ्या कारकिर्दीबद्दल मलाही ऐकायचंय."

त्या क्षणी डोक्यात जो गोंधळ शिरला तो परतीच्या विमानापर्यंत पुरता बाहेर पडला नाही. तेव्हा हे वर्णन वाचून सौदी अरेबिया कळेल, अशी आशा कुणी ठेवू नये.

धाहरान

दम्माम, खोबर, धाहरान ही तीन शहरं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. आपण रस्त्यानं चाललेलो असतो, डाव्या हाताला समुद्र असतो, मग नसतो, आणि कुणीतरी सांगतं की आता आपण धाहरानला आहोत. तेल कंपनीची बसकी, एकसारखी घरं, कुंपण, कुंपणाआड हिरवळ. कुंपणाबाहेर लगेच वाळू. मी मोठ्या हौसेनं काळा अबाया, म्हणजे तिकडच्या बायकांचा पायघोळ झगा, शिवून नेला होता. पहिल्या सकाळी तो घालून न्याहारीला गेले, तर आमच्या स्वागताला आलेली तीच मुलगी, नूरा, पँट-शर्टवर बिनबाह्यांचं जाकीट घालून बसलेली. "मादाम, तुम्ही अबाया का घातलाय?" तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी मी साडी नेसले, तर जेवणाच्या रांगेत झाडून सगळ्या बायका अबायात. तिसऱ्या दिवशी मी विचार करणं सोडलं.

नूरा ज्याचं काम बघत होती त्या धाहरानच्या चित्रपट महोत्सवात दोना नेउझांचे पाचही सिनेमे दाखवणार होते. त्यातल्या तीन सिनेमांची सबटायटल्स मी केलेली, म्हणून दुभाषी म्हणून मला बोलावणं. पण खरी गोष्ट वेगळीच होती. महोत्सवाच्या मंडळींनी त्यांना एक विनंती केली होती: इथे असताना दहा मिनिटांचा एक सिनेमा काढा, इथल्याच माणसांवर, शेवटच्या संध्याकाळी तो आम्ही दाखवू. दोना नेउझांनी हो म्हटलं होतं. त्यांचा उजवा डोळा गेलेलाच होता. डाव्यातही कडेकडेनं अंधार येत चालला होता. शेवटच्या टप्प्याला आम्ही एकाच विमानात होतो, तेव्हाच त्यांनी मला सांगून टाकलं, "डॉक्टर म्हणतो, पुढच्या वर्षी मला चौकटीच्या कडा दिसणार नाहीत. कडा दिसत नसतील तर सिनेमा कसला? हा सहावा झाला तर झाला."

म्हणजे हा आठवडा हातचा गेला, तर पाचावर खलास. हे मला, त्यांना आणि नूराला पक्कं ठाऊक होतं. बाकी काहीच पक्कं नव्हतं.

माझ्याकडे दुसरं काम होतं ते त्यांच्या कारकिर्दीवर एक पानभर लिहून देण्याचं. मला वाटलं, दोन चहांत उरकेल. पणजीत शिकलेलं माझं पोर्तुगीज लिस्बनच्या वळणाचं, ताठ. त्यांचं ब्राझीलच्या ईशान्येकडच्या दुष्काळी मुलखातलं, गाणं म्हटल्यासारखं. पहिले दोन दिवस मला निम्मं कळत नव्हतं, आणि जे कळत होतं त्यानं जास्तच घोटाळा होत होता. दुसऱ्या सिनेमाला लष्करी राजवटीच्या सेन्सॉरनं कात्री लावली, इथपर्यंत ठीक. पण तिसरा आणि चौथा यांच्यात वीसेक वर्षं रिकामी. त्या काळात काय केलंत? एका पत्रकाराला त्यांनी सांगितलं, शेळ्या पाळल्या. नूराला सांगितलं, लग्न केलं. मला सांगितलं, टीव्हीवरचा पाककृतींचा कार्यक्रम दिग्दर्शित केला.

"यातलं खरं कुठलं?" मी विचारलं.

"सगळंच. शेळ्या नवऱ्याच्या होत्या. आणि कार्यक्रम फार वाईट होता, मिन्या फिल्या. त्यात सगळे शिजवायचे, जेवत कुणीच नसे." 'मिन्या फिल्या' म्हणजे 'माझ्या पोरी'. पन्नाशी उलटल्यावर पोरी म्हणणारं माणूस मिळालं की बरं वाटतं, म्हणून पुढचं विचारायचं राहून गेलं.

त्यांच्या पाचही सिनेमांत एक गोष्ट येतेच. एक माणूस एकटा बसून जेवतो. पाच-सात मिनिटं नुसता जेवतो. कधी बस-अड्ड्यावर, कधी गिरणीत, कधी उघड्या माळावर. बोलत नाही, इकडेतिकडे बघत नाही. सबटायटलवाल्या बाईला ती विश्रांतीच असते, म्हणून मला तो भाग आवडायचा. जाणकारांनी त्यावर लेखच्या लेख लिहिलेत. धाहरानच्या मुलाखतीतही तो प्रश्न आलाच: "हा एकटा जेवणारा माणूस म्हणजे आधुनिक काळाचं प्रतीक आहे का?"

"नाही," दोना नेउझा म्हणाल्या. "त्याला भूक लागलीय."

मी भाषांतर केलं. लोक हसले. त्या हसल्या नाहीत.

हफ्र अल बातिनच्या वाटेवर

नूरानं ठरवलं की सिनेमा वाळवंटातच व्हायला हवा. तिनं उत्तरेकडे हफ्र अल बातिनच्या बाजूला एक दिवसाची सहल आखली, स्वतः गाडी काढली. पहाटे निघालो. रस्ता इतका सरळ की नूरानं स्टिअरिंगला हात लावला तर उगाच लावल्यासारखा वाटे. दोन्ही बाजूंना जमीन. वाळवंट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे सोनेरी टेकड्या होत्या. इथे मात्र खडकाळ, राखी, सपाट माळ, त्यावर थंडीतल्या पावसानं उगवलेलं खुरटं हिरवं. आमच्या बाजूचे कातळसडे मे महिन्यात असेच दिसतात, फक्त त्यांना शेवट असतो.

वाटेत उंट भेटले. नूरानं गाडी थांबवली, कॅमेऱ्याचं स्टँड उभं केलं. उंटांनी आमच्याकडे पाहिलं, दोना नेउझांनी उंटांकडे पाहिलं. "सुंदर आहेत," त्या म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. पुढे वाळूच्या लाटा लागल्या, नूरानं पुन्हा गाडी थांबवली. "वाळूचं मी काय करू? धूळ आमच्याकडेही पुष्कळ होती," बाई म्हणाल्या. नूराचा चेहरा उतरला. ते पाहून त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण कॅमेऱ्याला हात लावला नाही.

हफ्रच्या अलीकडे रस्त्याकडेला लोक टोपल्या घेऊन बसले होते. त्यात बटाट्यासारखं काहीतरी मातीनं माखलेलं. फगा म्हणतात त्याला. पाऊस झाला की वाळवंटातल्या जमिनीखाली उगवतो. आमच्याकडे पावसाळ्यात अळंबी शोधायला पोरं रानात जातात, तसे इथले लोक गाड्या घेऊन माळावर जातात. नूरानं टोपलीभर घेतला. तिथेच एका ट्रकवाल्यानं गॅस पेटवला होता. तो ट्रकच्या सावलीत सतरंजी टाकून बसला, भात आणि मटण परातीत ओतलं आणि जेवायला लागला. एकटा. मागे अख्खा रिकामा माळ.

दोना नेउझा ताठ झाल्या. "तो," त्या हळूच म्हणाल्या. "तोच." नूरानं जाऊन त्याची परवानगी घेतली. त्यानं खुशीनं मान हलवली. बाईंनी स्वतः स्टँड लावलं, डावा डोळा कॅमेऱ्याला भिडवला. मी बाजूला उभी. हा सहावा, माझ्या डोळ्यांदेखत!

ट्रकवाल्यानं घास उचलला, वर पाहिलं, आणि हातानं परात दाखवत ओरडला, "तफद्दलू! तफद्दलू!"

बाई थांबल्या. नूरानं त्याला समजावलं की काका, तुम्ही आमच्याकडे पाहू नका, फक्त जेवा. त्यानं मान हलवली. पुन्हा घास, पुन्हा नजर वर, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर तो उठून सतरंजी झटकायला लागला आणि आमच्यासाठी जागा करू लागला. दोना नेउझांनी स्टँड मिटलं. परतीच्या वाटेवर एकच वाक्य बोलल्या, "या देशात माणसाला एकटं जेवता येत नाही का?" ट्रकवाल्याला नक्की काय हवं होतं ते मी नूराला विचारलं. "काही नाही, त्यांची रीत आहे," ती म्हणाली. ती चिडली होती आणि दमलीही होती, म्हणून मी अधिक खोदलं नाही.

दम्माम, मन्सूरभाईंकडे

माझ्या कॉलेजात शहनाज नावाच्या बाई मराठी शिकवतात. त्यांचे थोरले भाऊ मन्सूरभाई मूळचे दापोली तालुक्यातले, आणि दम्मामला त्यांचा बोटींच्या सुट्या भागांचा धंदा. चाळीसेक वर्षं इथेच आहेत. निघताना शहनाजबाईंनी माझ्याबरोबर कोकमं, कुळथाचं पीठ आणि 'भावाकडे जेवल्याशिवाय परत येऊ नका' अशी तंबी, असं तिन्ही दिलं होतं. मी दोना नेउझांना घेऊन गेले. एक तर त्यांचं मन रमावं, आणि दुसरं म्हणजे मला स्वतःला वरणभातासारखं काहीतरी हवं होतं.

"या, या, बाई. यल्ला, चपला राहू द्या तिथंच," मन्सूरभाई दारातच म्हणाले. आत तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचं कालवण, सांदणं. मन्सूरभाईंची नात शाळेचा गणवेश घालूनच बसलेली. आजोबा मराठीत विचारत, ती इंग्रजीत उत्तर देई, मध्ये आजी हिंदीत दटावी, आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हतं. त्यात आम्ही दोघी पोर्तुगीज बोलणाऱ्या. मला मध्येच समजेना की कुणाला कोणत्या भाषेत मीठ मागायचं.

दोना नेउझांनी मन्सूरभाईंना एकच प्रश्न विचारला. "तुम्ही पहिल्यांदा इथे आलात, तेव्हा कुणाबरोबर जेवत होता?"

मन्सूरभाई म्हणाले, "वीस वर्षांचा होतो, बाई. गोदीवर लागलो. सांगा त्यांना, तेव्हा एका खोलीत आम्ही पुष्कळ जण. दाभोळचे, हर्णैचे, दोन केरळचे. एक मोठी परात. कुणाबरोबर म्हणजे काय, सगळ्यांबरोबरच."

"रोज?"

"रोज. का हो, असं का विचारतायत त्या?"

मी तो प्रश्न तसाच पुढे पाठवला. जगभरच्या पत्रकारांना जे मिळालं नव्हतं ते उत्तर दोना नेउझांनी कोळंबी सोलता सोलता दिलं. त्यांचे वडील गवंडी. त्या आठ वर्षांच्या असताना देशाची नवी राजधानी बांधायला कामगार हवे होते. गावातले पुरुष ट्रकमध्ये उभे राहून गेले, त्यात वडीलही गेले. परत आले नाहीत. मेले, हरवले की दुसरं घर केलं, कुणाला कळलं नाही. फक्त तिकडून परतलेल्या एका शेजाऱ्यानं आईला सांगितलं, "मी त्याला पाहिलं होतं. विटांच्या ढिगाजवळ बसून डब्यातलं खात होता. एकटाच."

"वडिलांची तेवढीच बातमी आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "मग मी तीच दाखवते."

मी हे मराठीत सांगितलं. मन्सूरभाईंच्या बायकोनं दोना नेउझांच्या ताटात आणखी एक सांदण वाढलं. मग मन्सूरभाई म्हणाले, "बाई, शुक्रवारी सुट्टी असते. माझ्या गोदामावर वर खोली आहे, आपली कोकणातली पोरं राहतात. वेल्डर, फिटर. तुम्ही फिकर करू नका, मी सांगून ठेवतो. त्यांना एक जेवणारा माणूस पाहिजे ना? तिथं सगळे जेवतातच."

दम्माम, शुक्रवार

मशिदीतून माणसं परतल्यावर, दुपारी, आम्ही गोदामावरच्या खोलीत चढलो. भिंतींना लागून दुमजली पलंग, खिडकीत घुरघुरणारा एसी, दोरीवर वाळत घातलेल्या लुंग्या. कोपऱ्यात एका पेटीवर गणपतीचा फोटो, समोरच्या भिंतीवर मक्केचा. पाहुण्या बायका येणार म्हणून सगळे इस्त्रीचे शर्ट घालून ओळीनं उभे. जमिनीवर जेवणासाठी प्लास्टिकचा सुफ्रा अंथरलेला. सुरमईचं कालवण, भात, भाकऱ्या, सोलकढी.

दोना नेउझांनी सगळ्यांकडे नीट पाहिलं आणि एकाला निवडलं. सुभाष शिगवण, गुहागर तालुक्यातला, वेल्डर, चाळिशीचा. का, ते मी विचारलं. "तो कोपरापर्यंत हात धुतो," त्या म्हणाल्या. "गवंडी तसेच धुतात."

बाकीच्यांना व्हरांड्यात पाठवलं. सुभाष सुफ्र्यासमोर एकटा बसला, पाठीमागे खिडकी. बाईंनी कॅमेरा लावला. उद्या संध्याकाळी सिनेमा दाखवायचा होता, त्यामुळे दुसरा दिवस नव्हताच. मी सुभाषला समजावलं, "काही करायचं नाही. नेहमीसारखं जेवायचं. आमच्याकडे बघायचं नाही."

"बरा," सुभाष म्हणाला. त्यानं भात कालवला, घास उचलला, आणि तो तोंडापर्यंत नेता नेता वर बघून म्हणाला, "या जेवायला."

"थांबा," दोना नेउझा म्हणाल्या. "काय म्हणाला तो?"

"तुम्हाला जेवायला बोलावतोय."

"सांग, मी जेवलेय."

मी सांगितलं. पुन्हा सुरू. या वेळी सुभाष बोलला नाही, पण घास उचलला की भुवया उंचावून डाव्या हातानं ताटाकडे खूण करी. तिसऱ्यांदा आम्ही त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. तो मान मागे वळवून म्हणाला, "पन आजी खरोखर जेवल्यात काय?" चौथ्यांदा मला अक्कल सुचली. कॅमेरा चालू ठेवून आम्ही दोघीही बाहेर जायचं. गेलो. आतून हाक आली, "अरे, या रे, कोन ऱ्हायलाय काय भायर?" व्हरांड्यातले सगळे खो खो हसले.

दोना नेउझा हसल्या नाहीत. त्यांनी डोळा चोळला. डावा, एकुलता. "जेवणं एवढं अवघड आहे का?" त्या मला म्हणाल्या, जशी काही मीच सुरमई खात होते. "माझे सगळे नट जेवले. बस-अड्ड्यावरचा हमालसुद्धा जेवला. याला का जमत नाही? विचार त्याला."

आणि मला विचारता येईना. प्रश्नच कळेना. 'या जेवायला' मी स्वतः रोज म्हणते. खिडकीतून दिसलेल्या पोस्टमनला म्हणते, दारात आलेल्या गॅसवाल्याला म्हणते. त्यांनी 'बसा तुम्ही, झालंय माझं' म्हणायचं असतं आणि ते म्हणतात. ते का म्हणायचं, हे मला कुणी सांगितलेलं नाही आणि मीही कुणाला विचारलेलं नाही. शेवटी मी सुभाषसमोर बसले. "सुभाष, आजी विचारतायत, तू न बोलता का जेवत नाहीस?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला की शिकलेल्या बाईनं असं विचारावं? "का म्हंजे? मानूस समोर हाय, तर त्याला सोडून घास उतरतो काय गल्याखाली?"

"आणि समोर कुणीच नसलं तर?"

"नसला कसा? डुटीवरना कोन उशिरा आला, तर एक जन त्याच्यासंगट परत बसतो. जेवलेला असला तरी. दोन घास खातो, नायतर नुस्ता बसतो. पयल्यापास्ना हाय ता खोलीत. हितं कुनाला एकट्याला जेवू देत नाय आमी."

मी हे पोर्तुगीजमध्ये सांगितलं. दोना नेउझा म्हणाल्या, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. "शेवटचं वाक्य," त्या म्हणाल्या. मी शेवटचं वाक्य तिसऱ्यांदा सांगितलं: इथे आम्ही कुणाला एकट्याला जेवू देत नाही.

त्यांनी डोळा कॅमेऱ्यापासून दूर घेतला. त्या सुभाषच्या ताटाकडे बघू लागल्या. मला वाटलं, संपलं, सहावा काही होत नाही. मनातल्या मनात मी नूराला काय सांगायचं ते जुळवायला लागले. मग त्या मला म्हणाल्या, "हात कुठे धुतात?"

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. स्टँडला वळसा घालून पुढे आल्या आणि गुडघ्यावर हात टेकत सुभाषसमोर खाली बसल्या. सुभाषच्या तोंडावर असं हसू पसरलं की बस! "आता कसा!" तो म्हणाला आणि दाराकडे वळून ओरडला, "या रे सगले! आजी बसली!" व्हरांड्यातली मंडळी आत घुसली. मन्सूरभाई, मी, सगळे गोल करून बसलो. दोना नेउझांना भाकरीनं कालवण उचलायचं जमेना, तेव्हा सुभाषनं सुरमईचा काटा काढून तुकडा त्यांच्या भातावर ठेवला. सोलकढी त्यांनी तीन वाट्या प्यायली. कुणी कुठून आलं, कुणाची मुलगी कितवीत आहे, सगळं मी उलटसुलट भाषांतर करत होते आणि खातही होते.

कॅमेरा चालूच राहिला होता हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. माझ्या तर मुळीच नाही.

पुन्हा धाहरान

सकाळी नूरा आणि दोना नेउझा संगणकासमोर बसल्या. चांगला एकही शॉट नव्हता. नूरा रडकुंडीला आली. त्यात शेवटचा भाग वाकडा: कुणाचा तरी धक्का लागून स्टँड कलंडलं होतं, दोना नेउझांचं अर्धं डोकं चौकटीबाहेर, आणि एका कडेला माझा चष्मा. "हे कापू या?" नूरानं विचारलं. "काहीच कापायचं नाही," त्या म्हणाल्या. सुभाषचे चारही फसलेले घास त्यांनी एकापुढे एक लावले, मग हे वाकडं जेवण. झाला सिनेमा.

सबटायटलाशी मी बराच वेळ झटले. 'या जेवायला'चं इंग्रजी करताना ते एक तर हुकूम वाटे नाही तर हॉटेलची जाहिरात. शेवटी साधंच काहीतरी लिहिलं. अरबी सबटायटल नूरा करत होती. तिला मी अर्थ सांगितला, तर तिनं क्षणभरही विचार न करता टंकलं: तफद्दल. ट्रकच्या सावलीत सतरंजी झटकणारा तो माणूस आम्हा दोघींना एकदमच आठवला.

संध्याकाळी प्रेक्षागृह भरलेलं होतं. मन्सूरभाईंनी खोलीतल्या सगळ्यांना आणलं होतं. ते तिसऱ्या रांगेत, अंग चोरून, इस्त्रीच्या शर्टात. पडद्यावर सुभाषनं पहिल्यांदा वर बघून हाक घातली तेव्हा लोक हसले. दुसऱ्यांदा जास्त हसले. चौथ्यांदा रिकाम्या खोलीत एकट्या बसलेल्या सुभाषनं बाहेर हाक घातली तेव्हा हसू विरलं. आणि मग पडद्याच्या कडेनं एक म्हातारी आत आली, हात ओले, आणि वाकून खाली बसली. तिच्या पाचही सिनेमांत ती कधी दिसली नव्हती. पुढे नुसतं जेवण. सहावा सिनेमा वाकड्या चौकटीतच संपला.

दिवे लागल्यावर सूत्रसंचालकानं विचारलं, "पाच सिनेमांत आपण एकाकीपणा दाखवलात. कारकिर्दीच्या या टप्प्यावर हे वळण कसं आलं?"

दोना नेउझांनी माइक हातात घेतला. त्या दोनच वाक्यं बोलल्या. आठवडाभरात पहिल्यांदाच मला त्यांचा शब्दन् शब्द स्वच्छ कळला, कसलाच गोंधळ उरला नाही, आणि नेमकं तेव्हाच माझ्या तोंडून इंग्रजी फुटेना. सभागृह वाट बघत होतं. नूरा मला डोळ्यांनी खुणावत होती. तिसऱ्या रांगेतून सुभाषनं न राहवून विचारलं, "बाई, काय म्हनली आजी?"

तेव्हा मी त्यालाच आधी मराठीत सांगितलं, "आजी म्हणतात, पाच वेळा मी माझ्या बापाला जेवायला बसवलं. आणि पाचही वेळा त्याला बजावलं, माझ्याकडे बघायचं नाही."